गाडीचा ताप कोण मोजतो?

घरात मूल तापाने फणफणले म्हणजे आई त्याच्या कपाळाला हात लावते. हाताला चटका बसला की त्याला दवाखान्यात नेते. डॉक्टर तापमापक लावतात, आकडा वाचतात आणि मग औषध देतात. आता असे समजा की तो तापमापकच बिघडलेला आहे. ताप १०४ आहे, पण तो ९८ दाखवतो. डॉक्टर म्हणतील, "मूल चांगले आहे, घरी न्या." दोष तापमापकाचा, पण भोगावे लागते मुलाला.

मोटारगाडीच्या इंजिनाचे अगदी असेच आहे. इंजिनालाही ताप चढतो. तो मोजण्यासाठी इंजिनात एक लहानसे साधन बसवलेले असते. त्याला तापमानाचा सेन्सर म्हणतात. आकाराने तो बोटाच्या पेराएवढा असतो. तो खोटे बोलू लागला म्हणजे काय होते, आणि त्याचे खोटे कसे पकडावे, हे आपण या धड्यात पाहू.

आपल्या भंडारा जिल्ह्यात गाडीवर पोट भरणारे पुष्कळ आहेत. कोणी तुमसरच्या बाजारात धान पोहोचवतो. कोणी लाखनी-साकोलीकडचा रोगी नागपूरच्या दवाखान्यात नेतो. कोणी लग्नाचे वऱ्हाड पवनीला नेऊन सोडतो. ज्या हमरस्त्याला पूर्वी सहा नंबरचा म्हणत, तो आता ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. मे महिन्यात त्या रस्त्यावर ऊन नुसते ओकत असते. पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा वेळी गाडी उभी राहिली तर दिवसाची कमाई बुडते. इंजिन बसले तर वर्षाची कमाई बुडते. म्हणून हा धडा नीट वाचा.

इंजिन का तापते?

इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळते. त्या जळण्यातून जी उष्णता निघते, तिच्यापैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश गाडी ओढण्याच्या कामी येते. बाकीची धुरातून आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर जाते. इंजिनाच्या अंगातली उष्णता काढून नेण्याचे काम पाणी करते. इंजिनाच्या पोटात पाण्याच्या वाटा असतात. पंप पाणी फिरवतो. तापलेले पाणी पुढच्या रेडिएटरात येते, तिथे वाऱ्याने निवते आणि पुन्हा आत जाते. वारा पुरला नाही तर विजेचा पंखा फिरू लागतो.

या वाटेवर एक दार असते. त्याला थर्मोस्टॅट म्हणतात. इंजिन थंड असताना दार बंद असते, म्हणजे इंजिन लवकर तापते. पाणी साधारण ८० ते ९० अंशांवर आले की दार उघडते. इंजिनाला अगदी थंड राहणेही मानवत नाही आणि फार तापणेही मानवत नाही. ८५ ते १०० अंशांच्या आसपास ते सुखी असते.

तुम्ही म्हणाल, पाणी तर १०० अंशांवर उकळते. खरे आहे. पण रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते. दाबाखाली पाणी उशिरा उकळते, सुमारे १२० अंशांपर्यंत तग धरते. हा दाबच पुढे धोक्याचा ठरतो. त्याविषयी शेवटी सांगू.

सेन्सर कसा बोलतो?

इ. स. १८३३ मध्ये मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाला एक गंमत दिसली. तांब्याची तार तापवली तर तिच्यातून वीज जायला जास्त अडथळा होतो. पण सिल्व्हर सल्फाइड नावाचा पदार्थ तापवला तर उलटे होते. अडथळा कमी होतो! हा फॅरडे लोहाराचा मुलगा होता. त्याचे शाळेतले शिक्षण बेताचेच झाले होते. पोरवयात तो लंडनला पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी करीत होता. बांधायला आलेली पुस्तके तो वाचून काढी. असा वाचता वाचता तो जगातला मोठा शास्त्रज्ञ झाला.

फॅरडेने जो गुण पाहिला, तोच आजच्या सेन्सरात कामाला लावलेला आहे. सेन्सरच्या टोकाशी एक बारीक मणी असतो. तो थंड असला की विजेला फार अडवतो. तापला की वाट मोकळी करून देतो. या अडवण्याला रोध म्हणतात आणि तो ओहम या मापाने मोजतात. गाडीतला संगणक सेन्सरकडे ५ व्होल्टची वीज पाठवतो. किती वीज अडली हे पाहून तो पाण्याचे तापमान ठरवतो.

१९८३ सालच्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा तिला कारब्युरेटर होते. थंडीत चालक चोक ओढून पेट्रोल वाढवीत असे. आता चोक गेला. ते काम संगणक करतो. पेट्रोल किती सोडायचे, पंखा केव्हा लावायचा, डिझेल गाडीत ग्लो प्लग किती वेळ तापवायचा, हे सारे तो सेन्सरच्या शब्दावर ठरवतो. सेन्सर खोटे बोलला की संगणक फसतो.

खोटे दोन तऱ्हेचे

एका गॅरेजात असे बोलणे चालले आहे असे समजा.

"मिस्त्री, गाडी लय पेट्रोल खाते जी. अॅव्हरेज एकदम पडला."

"काळा धूर येते का भाऊ?"

"येते नं. आन् वास बी येते पेट्रोलचा."

"पंखा कधी फिरते?"

"किल्ली देऊन गाडी चालू केली का लगेच. सकाळच्या थंड्या गाडीत बी."

मिस्त्री हुशार आहे. त्याने दोन प्रश्नांत अर्धा रोग ओळखला. सेन्सरची तार तुटली किंवा कपलर निघाला तर संगणकाला वाटते, रोध फार आहे, म्हणजे इंजिन बर्फासारखे थंड आहे. स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतात. भंडाऱ्यात उणे ४० अंश कधी पडले आहेत काय? पण संगणकाला भंडारा ठाऊक नाही. तो भराभर पेट्रोल सोडतो. काळा धूर निघतो, प्लग काळे होतात. पुष्कळ गाड्यांत संगणकाला शंकाही येते. "माप मिळत नाही, जपलेले बरे," असे म्हणून तो पंखा सतत चालू ठेवतो.

दुसरे खोटे याच्या उलट. सेन्सरच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर रोध नाहीसा होतो. संगणकाला वाटते, इंजिन भयंकर तापले. तो पेट्रोल आखडतो. सकाळी गाडी सुरू होत नाही, सुरू झाली तर बंद पडते. गार गाडीत तांबडा दिवा लागतो.

तिसरीही एक तऱ्हा आहे, आणि ती सर्वांत वाईट. सेन्सर पूर्ण मरत नाही, पण १५-२० अंशांनी चुकतो. किंवा मधूनच बरोबर, मधूनच चूक सांगतो. हा पकडायला वेळ लागतो.

परीक्षा पायरी पायरीने

घाईने नवा सेन्सर विकत आणू नये. आधी परीक्षा करावी. क्रम असा ठेवावा.

पहिली पायरी : पाणी पाहा. गाडी पूर्ण थंड असताना टाकीतली पातळी पाहा. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच तो पाण्याचे तापमान सांगू शकतो. पाणी कमी झाले, किंवा आत हवा अडकली, तर सेन्सर उघडा पडतो. मग इंजिन भाजत असले तरी काटा खालीच राहू शकतो. सेन्सर चांगला असूनही माप खोटे येते, ते असे.

दुसरी पायरी : सकाळची परीक्षा. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी सुरू करण्यापूर्वी किल्ली फक्त 'ऑन' करा आणि स्कॅनर लावा. पाण्याचे तापमान वाचा. इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमानही वाचा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. एक २७ आणि दुसरे २९ असेल तर ठीक. एक २७ आणि दुसरे ५५ असेल तर दोघांपैकी एक खोटे बोलतो. कोण, ते त्या सकाळच्या हवेवरून तुम्हीच सांगू शकाल.

तिसरी पायरी : तार आणि कपलर. आपला जिल्हा धानाचा. जिथे धान तिथे उंदीर. कोठाराजवळ उभ्या केलेल्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात. तेव्हा सेन्सरकडे जाणारी तार हाताने चाचपून पाहा. कपलर काढून आत हिरवट गंज आहे का, पाणी शिरले आहे का, पाहा. पुष्कळदा नुसता कपलर साफ करून घट्ट बसवला की गाडी बरी होते.

चौथी पायरी : तारांची परीक्षा. ही दोन तारांच्या सेन्सरसाठी आहे. इंजिन बंद ठेवा, किल्ली ऑन ठेवा. कपलर काढा. स्कॅनरवर आकडा एकदम फार थंड दिसला पाहिजे. आता कपलरमधल्या दोन टोकांना बारीक तारेने जोडा. आकडा फार गरम दिसला पाहिजे. दोन्ही झाले तर तारा चांगल्या आहेत, संगणकही चांगला आहे, आणि संशय सेन्सरवर आला. आकडा हललाच नाही तर दोष बहुधा तारेत आहे. मात्र काही गाड्यांचा संगणक बिघाड कळताच आपल्या मनाचा आकडा दाखवतो. तिथे मल्टिमीटरने पाहावे. कपलर काढल्यावर त्याच्या दोन टोकांत सुमारे ५ व्होल्ट यायला हवेत.

जुन्या जीपला आणि ट्रॅक्टरला एकाच तारेचा सेन्सर असतो. तो नुसता काटा हलवतो. त्याची दुसरी बाजू म्हणजे इंजिनाचे लोखंडच. तिथे गंज चढला किंवा आट्यांवर जास्त टेप गुंडाळली, तर अर्थ मिळत नाही आणि काटा कमी दाखवतो.

पाचवी पायरी : पातेल्याची परीक्षा. थंड इंजिनातून सेन्सर काढा. पातेल्यात पाणी घ्या, त्यात सेन्सरचे टोक बुडवा, कपलरची बाजू कोरडी ठेवा. शेजारी तापमापक धरा. पाणी हळूहळू तापवा आणि मल्टिमीटरवर ओहम वाचत जा. एका नेहमीच्या जातीच्या सेन्सरचे आकडे साधारण असे येतात :

२० अंशांवर : २५०० ओहम
४० अंशांवर : १२०० ओहम
६० अंशांवर : ६०० ओहम
८० अंशांवर : ३२० ओहम
१०० अंशांवर : १९० ओहम

प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात. म्हणून आपल्या गाडीचा तक्ता पाहावा. पण रीत सगळीकडे एकच. पाणी तापत जाईल तसा आकडा न अडखळता उतरत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली, किंवा आकडा एकाच जागी थांबला, तर सेन्सर वाया गेला असे समजावे.

स्कॅनरचे कोड

स्कॅनर कोड दाखवतो. पी ०११७ म्हणजे सेन्सरकडून येणारी वीज फार कमी, बहुधा तारा चिकटल्या. पी ०११८ म्हणजे वीज फार जास्त, बहुधा तार तुटली किंवा कपलर निघाला. पी ०१२८ म्हणजे इंजिन हवे तितके तापतच नाही. तेव्हा बहुधा थर्मोस्टॅटचे दार उघडेच अडकलेले असते.

नीट लक्ष द्या. यांपैकी एकही कोड "सेन्सर बदला" असे म्हणत नाही. कोड फक्त "इकडे पाहा" एवढेच सांगतो. ज्याला कोड वाचता येतो तो विचारू शकतो, "मिस्त्री, तार तपासली का?" ज्याला वाचता येत नाही त्याला, सांगतील तितके पैसे मोजावे लागतात. अक्षरओळखीचा हा रोकडा फायदा आहे.

खरे बोलणाऱ्याला शिक्षा नको

कधी कधी सेन्सर खरे बोलत असतो आणि आपणच त्याला खोटा ठरवतो. काटा वर गेला की म्हणतो, "सेन्सर खराब आहे, चालू द्या." ही चूक महागात पडते. काटा वर गेला तर आधी इंजिन खरोखरच तापले असे धरून चालावे. पाणी गळते का, पंखा फिरतो का, त्याचा फ्यूज गेला का, रेडिएटरच्या जाळीत कचरा आणि किडे अडकले का, पंपाचा पट्टा सैल आहे का, हे सर्व पाहावे. हेड वाकले, गॅस्केट फुटले, तर खर्च सेन्सरच्या कितीतरी पट येतो.

आणखी एक खोड सांगतो. पुष्कळ ठिकाणी थर्मोस्टॅट काढूनच टाकतात आणि पंखा डायरेक्ट करून देतात. "भाऊ, आता गाडी गरम होणारच नाही," असे सांगतात. यात इंजिन नेहमी अर्धकच्चे तापते. पेट्रोल जास्त जळते, ऑइल लवकर खराब होते, इंजिन झिजते. ताप आला म्हणून घराचे छप्पर काढून टाकण्यापैकी हा प्रकार आहे. रोग शोधावा, आडवाट धरू नये.

सेन्सर बदलताना

इंजिन थंड असावे. जुना काढताच थोडे पाणी सांडेल, खाली भांडे ठेवा. नवी रबरी चकती बसवा. फार जोर लावून आवळू नका, पितळेच्या आट्या तुटतात. मग कूलंट भरा आणि आत अडकलेली हवा काढा. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी घालू नका. त्याचा थर सेन्सरवर आणि रेडिएटरात बसतो. कंपनीने सांगितलेले कूलंट घाला.

सांडलेले कूलंट उघडे ठेवू नका. नेहमीच्या कूलंटमध्ये ग्लायकॉल असते. ते गोडसर लागते, पण विष आहे. लहान मूल, कुत्रे, गाय-वासरू ते चाटेल. लगेच भरपूर पाण्याने जागा धुवा. उरलेला डबा झाकण लावून उंच जागी ठेवा.

सर्वांत मोठा इशारा

समजा, दुपारी दोनची वेळ आहे. गाडीत वऱ्हाड आहे. मुले पाण्यासाठी रडत आहेत. बॉनेटमधून वाफ निघते आहे, पण काटा मात्र खाली आहे. चालक काय करील? काट्यावर विश्वास ठेवील की डोळ्यांवर?

डोळ्यांवर ठेवावा. वाफ, जळका गोड वास, इंजिनाची ताकद कमी होणे, ही काट्यापेक्षा खरी चिन्हे आहेत. एसी बंद करा. गाडी सावकाश बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. माणसे खाली उतरवून सावलीत, रस्त्यापासून दूर बसवा.

आणि झाकण उघडू नका. कोणी कितीही घाई केली तरी उघडू नका. आतले पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर गेलेले असते. झाकण सैल होताच दाब जातो आणि त्या पाण्याची क्षणात वाफ होते. ती तोंडावर, छातीवर, हातांवर उडते. डोळे जाऊ शकतात. फडके धरून उघडले तरी वाफ थांबत नाही. पाण्याची टाकी आणि वरचा पाइप निवेपर्यंत थांबा. अर्धा-पाऊण तास लागेल, कदाचित जास्तही. लग्न तासभर उशिरा लागले तरी चालते, गेलेला डोळा परत येत नाही. तापलेल्या इंजिनावर थंड पाणीही ओतू नका, लोखंडाला तडा जातो.

कोणी भाजलेच तर भाजलेल्या जागेवर निदान वीस मिनिटे स्वच्छ गार पाणी सोडत राहा. बर्फ, हळद, शाई, दंतमंजन लावू नका. अंगठ्या-बांगड्या लगेच उतरवा. तोंड किंवा डोळे भाजले असतील तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

लक्षात ठेवा

१. सेन्सर बदलण्यापूर्वी पाणी, कपलर आणि तार पाहावी.
२. तार तुटली तर माप फार थंड येते. तारा चिकटल्या तर फार गरम येते.
३. सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो.
४. पाणी कमी असेल तर काटा खोटे सांगू शकतो.
५. तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये.

प्रश्न

१. गाडी थंड असतानाही पंखा सतत फिरतो. आधी काय तपासाल?
२. सकाळी स्कॅनरवर पाणी ६० अंश आणि हवा २६ अंश दिसली. यावरून काय समजाल?
३. पातेल्यातले पाणी तापते आहे, पण आकडा २५०० वरून हलत नाही. सेन्सर कसा आहे?
४. वाफ निघते आहे आणि काटा खाली आहे. कशावर विश्वास ठेवाल? का?

वहीत लिहा

तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीजवळ जा. इंजिन थंड आहे याची खात्री करा. रेडिएटरच्या झाकणावर काय छापले आहे ते पाहा. अक्षरे असतील तर अक्षरे, चित्र असेल तर चित्र वहीत उतरवा. त्याखाली त्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा आणि घरी जो कोणी गाडी चालवतो त्याला वाचून दाखवा.